थोरलीचा भाव आणि जमिनीवरची चार फुलं

सव्वीस वर्षं मी नखाएवढी वस्तू विकली. सुरतेत राहून साड्यांच्या धंद्यात नाही म्हटल्यावर पारोळ्याची आमची मावशी मला जवळजवळ बेकारच समजायची. "मंग तू इकस काय?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मी पर्समधून एक चिप काढून तिच्या तळहातावर ठेवली. काळा चौकोनी तुकडा, चारी बाजूंनी मुंगीचे पाय. मावशीनं तो उलटा केला, सुलटा केला, परत दिला आणि म्हणाली, "बरं, पोरं कशी शेतस?"

मावशीला दोष देत नाही. ही वस्तू ज्याच्या पोटात बसते त्यालाही ती दिसत नाही. म्हणून आधी दोन शब्द धंद्याबद्दल.

मागांच्या कारखान्याला सुरतेत 'खातं' म्हणतात. पूर्वी खात्यात कारागिराचा डोळा सतत धाग्यावर असायचा. धागा तुटला की त्यानं झडप घालून माग थांबवायचा, नाहीतर कापडात पट्टी पडून अख्खा तागा सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात. आता ते काम मागाला लावलेला लोखंडी डबा करतो. त्याला पॅनल म्हणतात. पॅनलमध्ये कार्ड आणि कार्डावर आमची चिप. धागा तुटला, थांब. आता लाल धागा घे, आता हिरवा. एवढंच ती बिचारी दिवसरात्र सांगत असते. पॅनल बनवणारे कारखानदार ही आमची गिऱ्हाइकं आणि खातेवाले ही त्यांची. मी इंजिनिअर म्हणून लागले, पण सुरतेत विकता येत नाही असा इंजिनिअर कोणी ठेवत नाही, म्हणून दोन्ही कामं गळ्यात आली.

या चिपच्या बाजारात एक मोठी कंपनी होती, म्हणजे अजूनही आहे. नाव सांगत नाही, आम्ही ऑफिसात तिला थोरली म्हणायचो. सुरतेतल्या दहा पॅनलपैकी आठ-नऊ पॅनलांत तिचीच चिप. उरलेल्या एक-दोन तुकड्यांवर आमच्यासारख्या तीन-चार धाकट्या आपसांत भांडायच्या. आमची चिप कामाला तीच, भावाला जवळपास दोन तृतीयांश. मग लोक घेत का नसत? कारण थोरलीच्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम आमच्या चिपवर चालत नाही, तो पुन्हा लिहावा लागतो. सून बदलायची तर स्वयंपाकघर नव्यानं लावावं लागतं, तसलाच प्रकार.

त्यातून एखाद्यानं हिंमत केलीच, तर थोरलीचं दुसरं हत्यार बाहेर यायचं. ती सगळ्यांसाठी भाव उतरवत नसे. हलायला लागलेल्या गिऱ्हाइकाकडे तिचा माणूस जायचा आणि सांगायचा, "तुमच्यासाठी खास भाव. अट एकच, वर्षभर दुसऱ्या कोणाची एकही चिप घ्यायची नाही. घेतलीत तर खास भाव गेला." हा खास भाव आमच्या भावाच्याही खाली असायचा. थोरलीला त्यात घरातून घालावं लागत असणार, पण तिचं घर मोठं. धाकटी दमून गाव सोडून गेली की पुढच्या वर्षी भाव पुन्हा आपल्या जागी, वर थोडं व्याज. अशा दोन धाकट्या मी माझ्या डोळ्यांनी सुरतेतून जाताना पाहिल्या. तिसरी आम्हीच, असं सगळे धरून चालले होते.

हर्षदभाई हे इच्छापोरच्या वसाहतीतले पॅनलवाले. माणूस हिशेबी, पण मनानं सरळ. मध्यंतरी जगभर चिपचा तुटवडा पडला, तेव्हा थोरलीनं आपल्या बड्या गिऱ्हाइकांना माल दिला आणि सुरतेच्या लोकांना थांबायला सांगितलं. हर्षदभाईंचा कारखाना तीन महिने अर्धा बंद होता. ते दुखणं त्यांच्या मनात राहिलं. तुटवडा सरला तसा त्यांनी स्वतःहून मला फोन केला, माल दाखवा म्हणून.

"बेन, तमारो माल जोवो छे," म्हणाले. "पण मारो प्रोग्राम?"

"प्रोग्राम मी लिहून देते."

हे बोलून गेले आणि पुढचे दोन महिने इच्छापोरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते निस्तरलं. प्रोग्राम झाला. मग हर्षदभाईंनी माल मागितला, "हवे माल जांगड आपो."

जांगड म्हणजे पसंतीवर दिलेला माल. हिरेवाले देतात, साडीवाले देतात. माल घेऊन जा, वापरून बघा, ठरल्या दिवसापर्यंत पटला तर ठेवा, नाहीतर परत. सगळा व्यवहार शब्दावर. पुण्याच्या आमच्या साहेबांना हे फोनवर समजावताना माझा घसा बसला. "अहो बाई, एकदा कार्डावर डाग देऊन बसवलेली चिप परत कशी घेणार?" साहेबांचं चूक नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "द्या. पण हर्षदभाई मिळाले नाहीत, तर दिवाळीनंतर सुरतचं ऑफिस बंद. मला वर सांगायला तोंड उरणार नाही."

ऑफिस म्हणजे मी, एक लेखनिक आणि एक फिटर. माझी नोकरी संपायला तशी चारच वर्षं उरली होती. पण हरून घरी बसायचं माझ्या स्वभावात नाही. आईच्या शब्दांत सांगायचं तर मी 'हेकट' आहे.

मुदत लाभपाचमीपर्यंत ठरली. दिवाळीनंतर त्या दिवशी सुरतेचा बाजार उघडतो आणि वर्षाचे सौदे ठरतात. चाचणीसाठी हर्षदभाईंनी आपलं एक गिऱ्हाईक दिलं, नवागामचे सुकदेव आप्पा. आप्पा धुळ्याकडून कारागीर म्हणून आले आणि तीस वर्षांत बारा मागांचे मालक झाले. चार मागांवर आमच्या चिपची पॅनलं बसवायची, आठांवर थोरलीची जुनीच राहू द्यायची, असं ठरलं.

आप्पांच्या खात्यात दसऱ्याआधी सगळे माग घासूनपुसून, ऑइल पेंटनं रंगवून नव्यासारखे करायची रीत. दसऱ्याला त्यांची पूजा. मी त्या चार मागांची जुनी पॅनलं आधीच उतरवून ठेवली, रंगारी रंग देऊन गेला आणि दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताला आमचा फिटर गावाला गेलेला म्हणून मी स्वतः पाना घेऊन चारही नवी पॅनलं बसवली. हिरवागार रंग, अजून वास येत होता. बारा माग सुरू झाले. आप्पांच्या पत्नी कमळावैनींनी चालत्या मागांना हळद-कुंकू लावलं. मी पेढा खाऊन, जग जिंकल्यासारखी घरी गेले.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन. "ताई, तुम्हना डबा काढी लई जा. चारी माग घडीघडी बंद पडतस. आठ जुना मस्त चाली राह्यनात."

मी धावले. खरंच होतं. धागा शाबूत, तरी मधूनच पॅनल दगडासारखं गप्प व्हायचं. बंद करून चालू केलं की कधी पाच मिनिटं, कधी तासभर ठीक, पुन्हा तेच. कापडात पट्ट्याच पट्ट्या. मी माग थांबवायला लावून पॅनल उघडलं, कार्ड बदललं, वीजपुरवठा तपासला, भिंगाखाली एकेक टाका पाहिला. तीन दिवस हेच. बोळकांडीत उभं राहून कागद पसरून प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. काही सापडेना.

तेवढ्यात पारेख आला. पारेख हा थोरलीचा सुरतेतला माणूस. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढणार नाही. अशा माणसावर रागावताही येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. हर्षदभाईंच्या केबिनमध्ये तो माझ्यासमोरच म्हणाला, "मॅडम मेहनत करतात, पण स्वस्त चिप शेवटी स्वस्तच." आणि कागद पुढे केला. खास भाव, आमच्यापेक्षा दोन रुपये कमी. अट तीच.

हर्षदभाई माझ्याकडे वळले. "बेन, हवे तमे ज कहो, मारे शुं करवानुं?"

काय करायचं ते मीच सांगायचं होतं. मी म्हटलं, "भाव छान आहे. फक्त यांना पुढच्या वर्षाचा भावही याच कागदावर लिहून द्यायला सांगा."

पारेख हसला. म्हणाला, "ते कंपनीच्या धोरणात बसत नाही."

"भाव तो पाणी छे," हर्षदभाई पुटपुटले, "आजे नीचे, काले उपर." पण कागद त्यांनी परत दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. तो ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ठरलं असं की परवा अकरा वाजता ते आणि पारेख आप्पांच्या खात्यात येतील आणि आमची चार पॅनलं उतरवून जुनी बसवतील.

त्या दिवशी मी दहालाच नवागामला पोचले. खरं सांगायचं तर निरोप घ्यायला. यंत्राशी निरोप कसला घ्यायचा, पण गेले. माग धडधडत होते. मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले. सहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या हातात ना पाना होता ना भिंग, म्हणूनच बहुधा ते दिसलं. कमळावैनी रोज सकाळी प्रत्येक मागाला एक झेंडूचं फूल वाहतात. आठ मागांची फुलं मागाच्या लोखंडी चौकटीवर होती. चार मागांची फुलं खाली, फरशीवर, कागदाच्या तुकड्यावर ठेवलेली. ते चार माग आमचे.

मी वैनींना गाठलं. त्या आतल्या खोलीत कारागिरांचा चहा करत होत्या. मराठीत विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, असंच." मग मी आमच्या खानदेशी अहिराणीवर आले.

"वैनी, मी बी तठलीच शे. मन्हापासून काय लपाडतीस?"

त्यांनी गॅस बारीक केला. "दसराना दिन त्या चार मागस्ले कुंकू लावाले गयू, तं बोटले चटका बसना. चारीस्ले तसंच. बाकीना आठस्ले काहीच नही." जरा थांबून म्हणाल्या, "माले वाटनं, नवा डबा बसाडात म्हनीसन त्या रुसेल शेतस. सनना दिन असं बोलानं नही, म्हनीसन कोनलेच सांगं नही. तधयपशी फूल खालेच ठेवस."

 त्या चटक्याचा अर्थ मला कळला.

पॉलिएस्टरचा धागा लोखंडावर घासला की वीज साठते. हिवाळ्यात साडी अंगाला चिकटते, चटचट वाजते, तीच ही. मागावर ती दिवसभर तयार होत असते आणि अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जाते. वायरीच्या टोकाला तांब्याची चकती असते आणि ती मागाच्या उघड्या लोखंडावर बोल्टनं आवळायची असते. मी जुनी पॅनलं उतरवली तेव्हा त्यांच्याबरोबर चकतीही सुटली आणि त्या चार मागांवर तिची जागा उघडी पडली. रंगाऱ्यानं इमानेइतबारे तिच्यावरही रंग दिला. आणि दसऱ्याच्या सकाळी मी, या धंद्यात बावीस वर्षं काढलेली बाई, मुहूर्त चुकू नये म्हणून तो रंग न खरवडता त्यावरच चकती आवळली. वीज लोखंडात साठून राहिली. कधी ती असल्या चटक्यांना सरावलेल्या कारागिराच्या हातात जायची, कधी वैनींच्या बोटात आणि कधी पॅनलमधल्या चिपमध्ये. बाकीच्या आठ मागांवर चकती हललीच नव्हती, रंग तिच्या वरून गेला होता, म्हणून ते ठणठणीत. आणि मला चटका बसला नाही, कारण मी दरवेळी माग बंद करायला लावून मगच हात घालत होते.

मीटर लावून पाहिला. चकती आणि चौकट यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पॉलिश पेपर पर्समध्येच होता. दहा मिनिटांचं काम. चारही चकत्या घासून आवळाव्यात आणि अकराला म्हणावं, "झालं दुरुस्त." माझी चूक कोणाला कळली नसती. पण मग हर्षदभाईंच्या मनात कायम राहिलं असतं की स्वस्त चिप लहरी आहे, आज चालली, उद्याचा भरवसा नाही. आणि पारेखनं ते त्यांना विसरू दिलं नसतं. मी पॉलिश पेपर पर्समध्ये ठेवला आणि वैनींचा चहा प्यायले.

अकराला सगळे आले. पारेखनं फिटर आणला होता. मी म्हटलं, "आधी एकच पॅनल उतरवा. फक्त एक विनंती. तुमचं जुनं पॅनल त्याच बोल्टांवर, त्याच जागी, काही न खरवडता बसवा."

पारेखला कारण कळलं नाही, पण नाही म्हणायलाही कारण नव्हतं. पॅनल बसलं, माग सुरू झाला. आम्ही सगळे उभ्यानं चहा प्यायला लागलो. पारेखचा कप अर्धा झाला होता आणि थोरलीच्या चिपचं पॅनल दगडासारखं गप्प झालं. धागा शाबूत होता.

आप्पा म्हणाले, "आते काय म्हनशात?"

पारेख पॅनलकडे गेला. त्यानं ते चालू केलं. आणखी वीस मिनिटांत पुन्हा गप्प. मग मी वैनींना बाहेर बोलावलं आणि त्यांना कुंकवाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगायला लावली. त्या पदर तोंडाशी धरून बोलल्या, पण पूर्ण बोलल्या. मी पॉलिश पेपर काढला, रंग खरवडून लोखंड उघडं केलं, चकती आवळली आणि आमचं पॅनल परत बसवलं. मग उरलेल्या तीन मागांचंही तेच केलं. चारही माग चालू झाले. आम्ही तास उभे राहिलो. दोन तास. दुपारचं जेवण आप्पांकडेच झालं. चारांतला एकही माग थांबला नाही.

"भूल कोनी हती?" हर्षदभाईंनी विचारलं. आप्पांनी रंगाऱ्याचं नाव घेतलं. तो बिचारा तिथं नव्हताही.

"रंगाऱ्याची नाही," मी म्हटलं. "पॅनलं मी बसवली. रंग ओला दिसत होता. खरवडायला हवा होता, घाईत राहिला. चूक माझी. चिपची नाही, ना माझ्या ना यांच्या."

 जाताना पारेखनं मला दाराशी थांबवून सांगितलं, "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला चाललं असतं."

पुढचे पंधरा-वीस दिवस ते चार माग असे चालले की आप्पा मला फोन करून उगाचच सांगायचे, "आज बी थांबना नही."

लाभपाचमीला मी इच्छापोरला गेले. गोड हातावर ठेवून हर्षदभाईंनी ड्रॉवर उघडला, थोरलीचा कागद काढला आणि पारेखला परत पाठवायला वेगळ्या पाकिटात घातला. मग टेबलावरच्या आमच्या चिपच्या पहिल्या खोक्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलं. "हवे आ माल जांगड नथी," म्हणाले, "रह्यो. जे बेन पोतानी भूल बोले, ते भाव पण साचो ज बोले." स्वतःची चूक सांगणारी बाई भावही खराच सांगणार, असा त्यांचा हिशेब.

मी पुण्याला फोन लावला. साहेबांनी विचारलं, "सुरत राहिली का?" मी म्हटलं, "राहिली. आणि साहेब, जांगडीचा फॉर्म आता छापूनच ठेवा." त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडले, तेही लिहून टाकते. आनंदानं रडायला लाज कसली.

खरा आनंद मात्र पुढे झाला. हर्षदभाईंच्या पाठोपाठ पर्वत पाटियाकडचे दोन पॅनलवाले आले, मग आणखी एक. एकेकाला खास भाव देऊन थोरलीला पुरेना. वर्ष संपायच्या आत तिनं अट काढून टाकली आणि सुरतेत सगळ्यांसाठी एकच उतरलेला भाव जाहीर केला. ज्यांनी माझ्याकडून आयुष्यात एक चिप घेतली नाही, त्यांनाही ती स्वस्त मिळायला लागली. बाजारात धाकटी नुसती टिकून राहिली तरी थोरलीला वागणूक सुधारावी लागते, हे मी सव्वीस वर्षांत शिकले. पारेखची बदली झाली. जाताना भेटून गेला, चांगला मुलगा.

खंत एकच. तीन दिवस मी भिंगातून चिप बघत बसले आणि जी बाई त्या मागांना रोज हात लावत होती तिला विचारायचं मला सुचलं नाही. हर्षदभाईंचे फिटर आता पॅनल बसवायला गेले की मीटर काढायच्या आधी मालकिणीला विचारतात, "बेन, फूल क्यां मूको छो?" म्हणजे फूल कुठे ठेवता? मी शिकवलेल्या गोष्टींपैकी एवढीच टिकणार, असं दिसतंय.

निवृत्त झाल्यावर गेल्या दसऱ्याला नवागामला गेले. मागांना नवा रंग होता. कमळावैनींनी फुलांची परडी माझ्या हातात दिली. "आते कोनी रुसेल नही, ताई. तुम्हीच ठेवा."

मी एकेक करत बाराही चालत्या मागांच्या चौकटीवर फूल ठेवलं. शेवटच्या मागावर बोट मुद्दाम थोडा वेळ टेकवून ठेवलं. काहीच झालं नाही.